ब्रिटिश विनोदवीरांचं 'समर सीझन' ही काय भानगड आहे?

धक्क्यावरचा
जुन्या ब्रिटिश विनोदवीरांची चरित्रं वाचताना एक गोष्ट सारखी आडवी येते. माणूस लिव्हरपूलचा असो नाहीतर लीड्सचा, कारकिर्दीत कुठेतरी 'ब्लॅकपूलला समर सीझन केला', 'पिअरवर (समुद्रात आत गेलेल्या धक्क्यावर) दोन उन्हाळे काढले' असं येतंच. केन डॉड, लेस डॉसन, आर्थर ॲस्की, मोरकॅम आणि वाइज, सगळे त्याच वाटेचे. लंडन हाताशी असताना यांची जडणघडण समुद्रकाठच्या गावांत का झाली? बरं, गावं अशी की वारा बोचरा, पाणी बर्फासारखं आणि पाऊस कधीही. तिथे लोक लाखांनी का जायचे, आणि गेल्यावर त्यांना रोज संध्याकाळी हसवायला माणूस का लागायचा? जाणकारांनी लिहावं. फक्त 'रेल्वे आली म्हणून' यावर भागवू नये.

रूळमित्र
रेल्वे आली म्हणून. :)

बरं, आता नीट. रेल्वेच्या आधी शंभर वर्षं लोक जातच होते, पण औषध म्हणून. स्कारबरोला सतराव्या शतकात खनिज पाण्याचा झरा सापडला आणि ते पाणी प्यायला मंडळी येऊ लागली. १७५० मध्ये डॉ. रिचर्ड रसेल यांनी ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचं पाणी हा उतारा सांगणारा लॅटिन ग्रंथ लिहिला, आणि ब्रायटनचं नशीब उघडलं. पाणी अंगावर घ्यायचं, तसंच प्यायचंही. १७८९ ला तिसरा जॉर्ज वेमथला पाण्यात उतरला तेव्हा बँडवाल्यांनी राजगीत वाजवलं म्हणतात. एकूण प्रकार पथ्याचा, मौजेचा नाही.

ब्रायटनला रूळ पोचले १८४१ मध्ये, ब्लॅकपूलला १८४६ मध्ये. तिथून पुढे पथ्य गेलं आणि जत्रा आली.

लिंबूसरबत
समुद्रस्नानासाठीचं ते चाकांवरचं खोपटं कसं चालायचं? चित्रांत दिसतं पण यंत्रणा कळत नाही.

रूळमित्र
@लिंबूसरबत, चार चाकांवर लाकडी खोली, खिडकी अगदी वर आणि चिमुकली. किनाऱ्याकडच्या दाराने आत शिरायचं. घोडा जुंपून खोली पाण्यात नेत आणि या हिंदकळत्या अंधारात तुम्ही कपडे बदलायचे. कपडे वरच्या फळीवर ठेवायचे, खाली ठेवलात तर ओले झालेच म्हणून समजा. मग समुद्राकडचं दार उघडून पायऱ्यांनी पाण्यात. डुबक्या मारायला बाया ठेवलेल्या असत. त्या खांद्याला धरून सरळ बुडवत, गिऱ्हाइकाचं मत विचारत नसत. ब्रायटनची मार्था गन ही त्यातली सर्वांत नावाजलेली. मार्गेटच्या बेंजामिन बील याने खोलीला पुढच्या बाजूने पाण्यापर्यंत उतरणारी कापडी छत्री लावली, म्हणजे लाजही राखली गेली. परत यायचं तर घोडा दुसऱ्या टोकाला जुंपायचा.

स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहायला हरकत नाही असं ठरल्यावर या खोल्यांचं काम संपलं. चाकं काढून त्याच किनाऱ्यावरच्या झोपड्या झाल्या.

शंकासुर
म्हणजे पाण्यात जायला घोडा, बुडवायला बाई आणि लाज झाकायला छत्री. विनोदवीर वेगळा कशाला हवा?

गिरणकाठ
रूळमित्र, रेल्वेने लोक नेले हे खरं, पण एकाच वेळी एकाच गावचे लोक का नेले, हा प्रश्न राहतोच. आणि धागाकर्त्याचं उत्तर तिथेच आहे.

वायव्य इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरणी गावांत 'वेक्स' नावाची जत्रा असायची, मुळात गावच्या चर्चच्या सणाची. त्या दिवसांत कामगार येतच नसत. मालकांनी भांडण सोडलं आणि गिरणी आठवडाभर बंद ठेवायला सुरुवात केली. बॉयलर साफ करायला, यंत्रं दुरुस्त करायला तो वेळ मिळायचा. खरी खुबी अशी की प्रत्येक गावचा आठवडा वेगळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकामागून एक गाव रिकामं व्हायचं. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि तेच शेजारी ब्लॅकपूलच्या वाळूत शेजारीशेजारी खुर्च्या टाकून बसलेले. ब्लॅकपूलला यामुळे चार महिने सलग गिऱ्हाईक मिळालं. सगळ्यांची सुट्टी एकाच आठवड्यात असती, तर एवढी थिएटरं बांधायची कुणाची छाती झाली नसती.

ही रजा बिनपगारी होती. त्यासाठी गिरणीत, मोहल्ल्यात वर्षभर दर आठवड्याला थोडे पैसे जमा करणारे क्लब असत, सुट्टीच्या आदल्या दिवशी वाटप. आपली भिशीच, फक्त नंबर सगळ्यांचा एकदम लागायचा.

उंटावरचा_शहाणा
पण १९३८ च्या कायद्याने सगळ्यांना भरपगारी रजा मिळाली ना? गर्दी त्यानंतरचीच. त्याआधी कामगार कुठले जाताहेत.

गिरणकाठ
दोन्ही चुकीचं. १९३८ चा कायदा सरसकट नव्हता. ज्या धंद्यांत किमान वेतन मंडळं होती, त्यांना आठवडाभराची पगारी रजा ठरवून देण्याचा अधिकार त्याने दिला. बाकीच्यांनी ती करारांनी मिळवली. आणि गर्दीचं म्हणाल तर ब्लॅकपूलचे तिन्ही पिअर १८९३ पर्यंत उभे होते. १८९४ ला ५१८ फुटी टॉवर झाला तो काय रिकाम्या किनाऱ्यावर? ती सगळी कामगारांच्या पैशाची कमाई.

१९३८ चा फायदा कुणी उचलला, तर बिली बटलिनने. स्केगनेसचा त्याचा पहिला सुट्टी-कॅम्प (राहणं, जेवण, करमणूक एकाच आवारात) १९३६ चा. 'आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी' ही त्याची जाहिरात होती.

पडद्यामागचा
गिरणकाठ यांनी बरोबर नस पकडली. आता रंगमंचाच्या बाजूने सांगतो.

समर सीझन म्हणजे एकाच थिएटरात, एकाच संचात, जून ते सप्टेंबर बारा ते वीस आठवडे मुक्काम. रोज दोन खेळ, पहिला सहा-सव्वासहाला, दुसरा साडेआठ-पावणेनऊला. वेळ अशी का? कारण बोर्डिंग हाऊसमध्ये चहा-जेवण पाचला उरकायचं. जेवून पहिला खेळ पाहणारे लहान मुलांसह येत, दुसऱ्याला येणारे आधी पबमध्ये जाऊन येत. एकच विनोद सव्वासहाला आणि पावणेनऊला वेगवेगळ्या वेगाने सांगावा लागतो. पहिल्या खेळात हशा उशिरा येतो, दुसऱ्यात लवकर येतो पण टिकत नाही, मध्येच कुणीतरी खालून उत्तर देतं.

आता हिशेब बघा. आठवड्याला बारा खेळ, सोळा आठवडे, म्हणजे १९२ प्रयोग. आणि दर शनिवारी गावातलं सगळं गिऱ्हाईक बदलतं. तोच वीस मिनिटांचा मजकूर १९२ वेळा, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी नव्या माणसांपुढे. एक शब्द इकडचा तिकडे केला तर हशा किती वाढतो, हे इतकं नेमकं तपासायची सोय दुसरीकडे कुठे होती? दौऱ्यावर दर आठवड्याला थिएटर बदलतं, माइक बदलतो, बँड बदलतो. समर सीझनमध्ये फक्त प्रेक्षक बदलतो.

लिंबूसरबत
हे भारी आहे. म्हणजे प्रयोगशाळाच.

शंकासुर
प्रयोगशाळेत उंदीर रडतात, इथे हसायचे.

साचेवाली
त्यात अजून एक भर. वेक्समुळे अमुक आठवड्यात प्रेक्षागृहात अर्धे लोक ओल्डहॅमचे, पुढच्या आठवड्यात बोल्टनचे. जुलैच्या उत्तरार्धात ग्लासगो फेअर, म्हणजे त्या शहराची वार्षिक सुट्टी, तेव्हा स्कॉटिश लोंढा. विनोदात शेजारच्या गावाचं नाव घालायचं तर कुठल्या आठवड्यात कुठलं, हे कॅलेंडर बघून ठरायचं.

आणि लेस डॉसनची सिसी-एडा ही जोडी आठवा (तो आणि रॉय बॅराक्लो, दोघे बायकांच्या वेषात). बोलता बोलता एखादा शब्द आला की आवाज बंद, फक्त ओठ मोठमोठे हलवायचे. हा शुद्ध गिरणीतला प्रकार. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालू असताना कानाला काही ऐकू येत नाही, म्हणून विणकर बायका ओठांच्या आकारावरून बोलत. 'मी-मॉ' म्हणत त्याला. घरी आल्यावर हीच युक्ती नाजूक विषयांना कामी यायची. गर्भाशय, ऑपरेशन, शेजारणीचं प्रकरण आलं की आवाज गायब, ओठ चालू. डॉसनच्या आधी रॉचडेलच्या नॉर्मन इव्हान्सने हेच कुंपणाच्या भिंतीवरून वाकून केलं होतं. समोर बसलेल्या प्रेक्षकांत निम्म्या बायका साचेखात्यातल्या, त्यांना काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

नकलेत चूक कुठे होते सांगते. नवखे लोक आवाज बंद करून ओठ नुसते फाकवतात. खऱ्या मी-मॉमध्ये आधी डोळे दोन्ही बाजूंना फिरतात, मग मान पुढे येते, आणि नेमका तेवढाच शब्द गिळला जातो. बाकी वाक्य मोठ्याने. गिळायचा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवला तरच हशा येतो, मधे आला तर वाया जातो.

धक्क्यावरचा
@साचेवाली, हे माहीतच नव्हतं. गिरणगावात असं होतं का?

साचेवाली
कुठल्याही साचेखात्यात खुणा आणि ओठ लागतातच, आवाज तो आवाज. पण त्यावर रंगमंचावरची एक स्वतंत्र शैली उभी राहिली ती लँकेशायरमध्ये.

गोडघाशा
अवांतर: ब्लॅकपूल रॉकबद्दल कुणी बोलत नाही? कांडीत आरपार अक्षरं कशी असतात?

पाकसिद्ध
अवांतर कसलं, मुख्य विषय हाच.

अक्षरं कांडीत 'लिहीत' नाहीत. आधी मांडीएवढ्या जाडीचा लोळा रचतात आणि तो ओढून बारीक करतात. साखर आणि ग्लुकोज सिरप १४५–१५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं. नुसती साखर घेतली तर पाक निवताना परत रवाळ होतो, ग्लुकोज त्यासाठी. हा पाक पाण्याने गार ठेवलेल्या पोलादी मेजावर ओततात. एक भाग रंगवून अक्षरांसाठी, एक भाग बाहेरच्या गुलाबी आवरणासाठी, आणि मोठा भाग यंत्राच्या हातांवर ताणत राहतात. रेवडीचा पाक खुंटीला अडकवून ओढतात तसंच. हवा शिरते, पाक पांढरा आणि हलका होतो. पेपरमिंट याच वेळी.

अक्षर म्हणजे रंगीत आणि पांढऱ्या पट्ट्या चिकटवून केलेली लांब चौकोनी कांब. आता गंमत. अक्षरं शब्दाच्या क्रमाने करत नाहीत. सरळ रेघांची आधी (एल, के), गोल शेवटी (सी, ओ). पाक अजून ऊन असतो, गोल अक्षर आधी करून ठेवलं तर स्वतःच्या वजनाने बसतं आणि 'ओ'चा चपटा ठिपका होतो. मग पांढऱ्या गाभ्याभोवती अक्षरं उभी लावायची, मधे पांढऱ्या फटी, वर आवरण, आणि लोळा तिरप्या रुळांवर सतत फिरता. फिरवणं थांबलं की एका बाजूला बसतो, अक्षरं वाकडी. एक बाजू गार पडली तर ती बाजू कमी ताणली जाते, तिथलं अक्षर फुगतं. टोकाकडून ओढत ओढत इंचभर जाडीची दोरी काढायची, निवायच्या आत कापायची. दमट हवेत उघडी राहिली तर चिकट होते, म्हणून लगेच सेलोफेन.

गोडघाशा
__/\__ गोल अक्षरं शेवटी हे वाचून धन्य झालो.

शंकासुर
ब्लॅकपूलमध्ये दोन 'ओ' आहेत. कारखानदाराने स्केगनेसला राहायला हवं होतं.

उंटावरचा_शहाणा
स्केगनेसमध्ये दोन 'एस' शेवटी आणि एक सुरुवातीला, ते काय सरळ असतात?

रूळमित्र
धाग्याचा हलवा झाला. परत या.

पडद्यामागचा
येतो. थिएटरच्या आधीची पायरी राहिली, वाळूवरची.

१८९१ ला क्लिफर्ड एसेक्सने पिएरो मंडळी (विदूषकी वेषात गाणी-विनोद करणारा संच) आणली. पांढरे झगे, गोंडे, टोकेरी टोप्या. वाळूवर फळ्यांचा मंच, पुढे भाड्याच्या खुर्च्या, मागे फुकटे उभे. फुकट्यांकडून पैसे काढणं हीच खरी कला. वसुली करणाऱ्याला 'बॉटलर' म्हणत. तो विनोदाचा शेवट व्हायच्या आधी फिरायचा, नंतर नाही. शेवट झाला की मागची रांग विरघळते. म्हणजे विनोदवीराने बॉटलर मागच्या रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत शेवट लांबवायचा. तोंडाने गोष्ट चालू, डोळा डब्यावर. भरती आली की खेळ बंद, त्यामुळे वेळापत्रक रोज सरकायचं. शिवाय नगरपालिका वाळूवरच्या जागांचा लिलाव करायची, ते भाडं वेगळंच.

इथले पाहुणे आठवडाभर रोज समोरून जात, म्हणून लहान मंडळींना तीन-चार वेगळे कार्यक्रम तयार ठेवावे लागत. मोठ्या थिएटरात माणूस आठवड्यात एकदाच यायचा, तिथे एक पुरे. आर्थर ॲस्कीने आइल ऑफ वाइटवरच्या शँकलिनला उन्हाळ्यांमागून उन्हाळे असे काढले, १९३८ मध्ये रेडिओने त्याला देशभर नेण्याआधी. ब्रायटनचा मॅक्स मिलरही १९१९ मध्ये गावच्याच किनाऱ्यावरच्या मंडळीत उभा राहिला होता.

तिखटमीठ
मॅक्स मिलरचा विषय निघालाच आहे तर. त्याच्याकडे दोन वह्या असायच्या, पांढरी आणि निळी. निळीत चावट. प्रेक्षकांना विचारायचा, कुठली? उत्तर ठरलेलं. पण वहीत काय आहे यापेक्षा रचना बघा. यमकाच्या दोन ओळी सांगायच्या, तिसरीत शेवटचा शब्द येणार एवढ्यात थांबायचं. तो शब्द प्रेक्षकांच्या डोक्यात आपोआप येतो. हशा झाला की उलट त्यांनाच दटावायचं, तुमच्यासारख्यांमुळेच माझं नाव खराब होतं. बतावणीतली द्व्यर्थी चाल माहीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

यामागे व्यवहारही होता. १९६८ पर्यंत नाटकांच्या संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारच्या अधिकाऱ्याच्या कचेरीतून मंजूर व्हायच्या, आणि गावोगावच्या समित्या, पोलीस वेगळे. न बोललेल्या शब्दावर खटला कोण भरणार? फ्रँक रँडलने ब्लॅकपूलला उलटं केलं, बोलून मोकळा झाला. पोलिसांशी त्याचं कायम वाजलं आणि दंडही भरावा लागला. चावट पोस्टकार्डांचा चित्रकार डोनाल्ड मॅकगिल तर ७९ व्या वर्षी, १९५४ ला, लिंकनच्या कोर्टात उभा राहिला. ५० पौंड दंड, २५ पौंड खर्च. एकच कार्ड एका गावात दुकानात टांगलेलं, दुसऱ्या गावात जप्त, अशी तऱ्हा होती.

लिंबूसरबत
पंच आणि ज्युडी हा हातबाहुल्यांचा खेळ करणारेही त्याच वाळूवर ना? ते अर्धवटरावांसारखं शब्दभ्रमाचं असतं का?

पडद्यामागचा
नाही. शब्दभ्रमात ओठ लपवायचे असतात, इथे माणूसच कापडामागे लपलेला. पंचचा तो चिरका आवाज 'स्वॉझल'चा. धातूच्या दोन बारीक, किंचित बाकदार पट्ट्या, मधे सुती फीत ताणलेली, वरून दोऱ्याने बांधलेलं. ओलं करून जिभेने टाळूला चिकटवायचं. पंच बोलणार तेव्हा त्यातून, दुसरं पात्र बोलणार तेव्हा जिभेनेच बाजूला सारून. फीत सुकली तर आवाज फाटतो, सैल झाली तर नुसती फुसफुस. आणि गिळलं जातं. दोनदा गिळल्याशिवाय 'प्रोफेसर' होत नाही असं त्यांच्यात म्हणतात. खेळ करणाऱ्या प्रत्येकाला प्रोफेसरच म्हणतात, हेही खरं.

स्वॉझलचे शब्द अर्धे कळत नाहीत, म्हणून बाहेर उभा असलेला बॉटलर किंवा दुसरं पात्र ते प्रश्न म्हणून परत म्हणतं. 'काय म्हणतोस, बाळ खिडकीतून फेकलंस?' गोष्टीची रचनाही हातांवरून ठरली आहे. पंच उजव्या हातावर कायम, बाकीची पात्रं डाव्या हातावर एकेक करून. म्हणून ज्युडी, पोलीस, मगर कधी एकत्र येत नाहीत, येऊन मार खाऊन जातात. वेल्समधल्या लँडुडनोला कॉडमन घराणं १८६० पासून हा खेळ करतंय.

तिखटमीठ
आणि पंचच्या हातातली फळी दोन पट्ट्यांची, म्हणून मार कमी, आवाज जास्त. 'स्लॅपस्टिक' शब्द अशाच फळीवरून आला.

उंटावरचा_शहाणा
या सगळ्यात घरमालकिणींबद्दलचे विनोद फार का? प्रत्येक विनोदवीराच्या तोंडी लँडलेडी असतेच.

गिरणकाठ
कारण प्रेक्षागृहातला प्रत्येक जण त्या रात्री कुणा ना कुणा लँडलेडीच्या घरी झोपणार होता.

पद्धत अशी: सुरुवातीला खोली भाड्याने, धान्य-मटण पाहुण्यांनी आणायचं, रांधायचं तिने. एका चुलीवर सहा कुटुंबांचे सहा वेगळे रांधे, कुणाचा बटाटा कुणाच्या ताटात याचे तंटे. पुढे पूर्ण जेवणाची पद्धत आली. मिठा-मिरीच्या भांड्याचे वेगळे पैसे लावायच्या, गरम पाण्याचे, आंघोळीचे वेगळे. नाश्ता झाला की बाहेर, जेवणाच्या वेळेपर्यंत घरात यायचं नाही, पाऊस असला तरी. आता धागाकर्त्याचा प्रश्न आठवा, संध्याकाळी हसवायला माणूस का लागायचा. खोलीत बसायची सोय नव्हती, बाहेर पाऊस. थिएटरात छप्पर होतं.

कलाकारांचीही वेगळी लँडलेडी असायची. जेवण वाईट असेल तर पाहुण्यांच्या वहीत शेरा लिहायचा, 'डोमकावळा म्हणतो तसं…'. एका प्रसिद्ध इंग्रजी कवितेतला कावळा 'पुन्हा कधीच नाही' एवढंच म्हणत असतो. मालकीण खूश, पुढच्या कलाकाराला इशारा.

शंकासुर
मिठाचे पैसे! आमच्या खानावळीत कांदा मोफत म्हणून लोक टिकून आहेत.

रूळमित्र
मोरकॅमचा किस्सा कुणीच सांगितला नाही? एरिक बार्थोलोम्यू मोरकॅम गावचा, त्याने गावाचंच नाव घेतलं. जोडीदार अर्नी लीड्सचा, तर त्यानेही गावाचं नाव घ्यावं असं निघालं. पण 'मोरकॅम आणि लीड्स' म्हणजे रेल्वेचं स्वस्त परतीचं तिकीट वाटायला लागलं, म्हणून वाइज. यॉर्कशायरचे गिरणी कामगार मोरकॅमला इतके जात की त्याला 'समुद्रकाठचं ब्रॅडफर्ड' म्हणत. बघा, विनोदसुद्धा रेल्वेनेच आणला.

गिरणकाठ
हरलो. :)

साचेवाली
केन डॉडची वही हवी इथे. कुठल्या गावात कुठला विनोद कितपत चालला याच्या नोंदी तो आयुष्यभर ठेवत होता, आणि त्यातून देशाचा हास्यनकाशाच बनवला होता. १९७४ ला लिव्हरपूलला साडेतीन तासांत १५०० विनोद सांगितले, म्हणजे मिनिटाला सात. एवढा हिशेबी माणूस, आणि १९८९ ला करचुकवेगिरीचा खटला. घरात पेट्यांमध्ये रोकड. वकील जॉर्ज कारमन यांचा युक्तिवाद होता की काही हिशेबनीस विनोदी असतात, पण विनोदवीर कधी हिशेबनीस नसतात. निर्दोष सुटला. नंतर स्टेजवर सांगायचा, इनलँड रेव्हेन्यूला (तिकडचं कर खातं; 'इनलँड' म्हणजे किनाऱ्यापासून आतलं) म्हटलं मी तुमचं काही देणं लागत नाही, मी समुद्रकाठी राहतो.

'इनलँड' हा शब्द मराठीत आणला की विनोद मेला, म्हणून तसाच ठेवलाय.

उंटावरचा_शहाणा
मग हे संपलं कशाने? टीव्हीने.

पडद्यामागचा
अर्धंच खरं. टीव्हीने आधी समर सीझनला गिऱ्हाईक दिलं. पडद्यावरचा चेहरा प्रत्यक्ष बघायला लोक रांगा लावत. टीव्हीने खाल्ला तो मजकूर. १९२ प्रयोग चालणारी वीस मिनिटं एका रात्रीत सगळ्या देशाने बघितली की दुसऱ्या दिवशी शिळी.

रूळमित्र
गिऱ्हाईक नेलं स्पेनने, म्हणजे परदेशी विमान-सहलींनी. १९५० ला व्लादिमिर राइट्सने कॉर्सिका या फ्रेंच बेटावर पहिली चार्टर सहल नेली, साडेबत्तीस पौंडांत. १९६६ ते १९७० परदेशी जाताना माणशी ५० पौंडांहून जास्त खर्चाला बंदी होती. ठोकभावातलं पॅकेज त्यात बसायचं, स्वतंत्र फिरणं बसेना. म्हणजे बंधनाने उलट पॅकेजवाल्यांचंच भलं केलं. इकडे रेल्वे-कपात सुचवणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर किनाऱ्याचे कित्येक फाटे उखडले. आणि गिरण्याच बंद पडल्यावर वेक्स कुणाचे?

ब्लॅकपूलने तग धरला तो दिव्यांमुळे. सप्टेंबरपासून किनाऱ्यावर रोषणाई करून सीझन दोन महिने लांबवायची युक्ती. कलाकारांचे करारही तेवढे लांबले.

धक्क्यावरचा
सगळ्यांचे आभार. म्हणजे रेल्वे, वेगवेगळे आठवडे, पाचचं जेवण आणि लँडलेडीचं बंद दार. एक शेवटची शंका: आता कुठे बघायला मिळतं?

पडद्यामागचा
नॉरफोकमधल्या क्रोमरच्या पिअरवर. टोकाला थिएटर, पूर्ण उन्हाळी सीझन अजून चालतो. ब्लॅकपूलला टॉवरसमोर २०११ पासून विनोदवीरांच्या वाक्यांची, ग्रॅनाइटच्या अक्षरांची फरशी आहे, हजारावर नावं. वाचायला खाली मान घालून चालावं लागतं, एकमेकांना धडकतात लोक.

लिंबूसरबत
आणि गाढवं? किनाऱ्यावरच्या गाढवांना म्हणे सुट्टी असते.

गिरणकाठ
असते. ब्लॅकपूलची नियमावली १९४२ पासून आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, मधे जेवणाची तासभर सुट्टी, शुक्रवारी पूर्ण रजा.

पडद्यामागचा
विनोदवीरांना सहा दिवस बारा खेळ, आणि रविवारी वेषभूषा-रंगरंगोटीला बंदी म्हणून साध्या कोटात 'कॉन्सर्ट'.

शंकासुर
अर्ज कुठे करायचा? गाढवाच्या जागेसाठी विचारतोय.